पतित : पडलेला की पाडलेला?



घटस्फोट हा शब्द आज कोणाला नवा नाही. वर्तमानपत्रात तो नेहमी दिसतो, कोर्टाच्या आवारात कानावर पडतो, आणि घरातल्या बोलण्यातही आता तो पूर्वीसारखा हळू आवाजात उच्चारावा लागत नाही. परंतु या शब्दातला घट कोणता आणि तो फोडला कोणी, हा प्रश्न सहसा कोणाला सुचत नाही. नवराबायको वेगळी होतात तेव्हा कोणी मडके फोडीत नाही. आपल्याकडे या गोष्टीला जुने शब्द होतेच. काडीमोड होता, फारकत होती. काडी मोडली की दोन तुकडे निराळे झाले, इतका तो शब्द सरळ आहे. ज्या जातींत वेगळे होण्याची मोकळीक होती त्यांच्यात तो चालत आला. ज्या जातींत ती नव्हती त्यांना १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती मिळाली. आज सर्वांच्या तोंडी जो शब्द आहे तो मात्र धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून आलेला घटस्फोट.

आणि त्या ग्रंथांत या शब्दाचा लग्नाशी काही संबंध नाही. तिथला घट मेलेल्या माणसाच्या नावाने लवंडावयाचा असतो. आणि विपरीत असे, की ज्याच्या नावाने तो लवंडावयाचा तो माणूस जिवंत असतो. त्या माणसाला शास्त्राने दिलेले नाव पतित. समाजाने धिक्कारलेला आणि देवानेही टाकलेला, असा दुहेरी अर्थ या तीन अक्षरांत भरलेला आहे. आज या एका शब्दाचा इतिहास आपल्यापुढे मांडावा असे योजले आहे. शब्दाचा इतिहास म्हणजे कोशातली पाने नव्हेत. तो शब्द ज्यांच्या कपाळी मारला गेला त्या माणसांचा तो इतिहास असतो.

प्रथम तो विधीच पाहू. गौतमाच्या धर्मसूत्रात आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो दिला आहे. दोन्हींतले तपशील जुळवले म्हणजे चित्र असे उभे राहते. एखाद्याने महापातक केले आणि प्रायश्चित्त घ्यावयास तो तयार नसला, तर त्याचे आप्त अशुभ दिवस पाहून संध्याकाळच्या वेळी गावाबाहेर जमतात. पुरोहित आणि गुरू साक्षीला असतात. एक दास उकिरड्यावरचे टाकाऊ भांडे घेऊन येतो, दासीच्या घागरीतले पाणी त्यात भरतो आणि दक्षिणेकडे तोंड करून ते पायाने लवंडतो. मनूने हे काम दासीलाच सांगितले आहे. लवंडताना त्या माणसाचे नाव घेऊन, याला पाण्याला मुकविले, असे म्हणावयाचे. मेल्यावर तर्पणाचे जे पाणी मिळावयाचे ते याला मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. जमलेल्या साऱ्यांनी शेंड्या सोडून, जानवे उजव्या खांद्यावर घेऊन, त्या दासाला हात लावून उभे राहावयाचे. लाथ एकाची, पण कृत्य सर्वांचे, अशी ही योजना आहे. मग स्नान करून गावात परत यावयाचे आणि एक दिवस सुतक पाळावयाचे.

त्या घटकेपासून त्याच्याशी बोलणे बंद, एका आसनावर बसणे बंद, देणेघेणे बंद, वडिलोपार्जित मिळकतीतला वाटाही बंद. इतकेच नव्हे, तर तो थोरला भाऊ असेल तर त्याचा ज्येष्ठपणाचा जादा भाग गुणाने अधिक अशा धाकट्या भावाकडे जावा, असे मनू सांगतो. हे कलम विसरू नये. धर्माच्या निर्णयात धाकट्या भावाचा फायदा कसा मिसळलेला असू शकतो, हे त्यावरून दिसते.

परंतु शास्त्राला न्याय द्यावयाचा तर विधीचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. पतिताने प्रायश्चित्त पुरे केले की त्याच आप्तांनी त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करावे आणि पाण्याने भरलेला नवा घट त्याच्यासह त्या पाण्यात सोडावा. गौतम तर सोन्याचे पात्र भरून त्याला पाणी द्यावे असे म्हणतो. जाताना उकिरड्यावरचे मडके, येताना सोन्याचे पात्र! त्यानंतर त्याच्याशी पूर्वीसारखा व्यवहार करावयाचा. मागचे उकरून त्याची निंदा करावयाची नाही. म्हणजे ज्यांनी हा कठोर विधी रचला त्यांनीही दार बाहेरून बंद केले होते, पण कडी आतून काढता येईल अशी ठेवली होती. पुढच्या आपल्या इतिहासाची खंत अशी, की पहिला घट आपण पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो.

आता शब्दाकडे वळू. पत् धातूचा अर्थ पडणे, तसाच उडणेही. हवेत भिरभिरणारा पतंग त्याच धातूचा आणि झाडावरून गळणारे पत्र त्याच धातूचे. जे कृत्य माणसाला पाडते ते पातक. जो पडला तो पतित. शाळेत व्याकरण शिकलेल्यांना आठवत असेल, की अकर्मक धातूचे हे रूप कर्तरि असते. पडण्याची क्रिया करणारा तो स्वतःच. याच्याशेजारी बहिष्कृत हा शब्द ठेवून पाहा. तो कर्मणि आहे. ज्याला बाहेर केले तो बहिष्कृत. आणि बाहेर केले म्हटले की केले कोणी, हा प्रश्न लगेच उभा राहतो. पतित म्हटले की तो प्रश्नच उरत नाही. वाक्यात एकटा पडणारा शिल्लक राहतो. दिवस पाहणारे, मडके आणविणारे, दासाला हात लावून उभे राहणारे हे सगळे गृहस्थ वाक्यातून गुपचूप निघून जातात.

आणि देव? पतिताने दिलेले हव्य देव घेत नाहीत, त्याने दिलेला पिंड पितरांना पोचत नाही, नरक त्याला चुकत नाही, अशी समजूत. परंतु विधीत देव कोठेच हजर नाही. त्याचा निरोप सांगणारे ते आप्त आणि तो पुरोहितच. देवाने याला टाकला हे वाक्य नेहमी माणसाच्याच तोंडून ऐकू येते, हे या सबंध इतिहासात ध्यानात ठेवावे.

पतित होण्याची कारणे मुळात मोजकी होती. ब्रह्महत्या, सुरापान, सोन्याची चोरी आणि गुरुपत्नीगमन ही चार महापातके. आणि पाचवे, या चौघांशी संसर्ग. वर्षभर पतिताच्या संगतीत राहिला तोही पतित. हे पाचवे कलम सर्वांत प्रभावी ठरले. पहिली चार पातके करणारे गावात किती निघणार? परंतु संसर्गाची भीती प्रत्येक उंबरठ्यावर जाऊन बसली. एकदा पतन हे पटकीसारखे पसरते असे ठरले, की प्रत्येक शेजारी दुसऱ्याचा पहारेकरी होतो. याला शास्त्रात अपवाद आढळतो तो आईचा. वसिष्ठ म्हणतो, पतित बापाचा त्याग करावा, पण मुलाच्या दृष्टीने आई कधी पतित होत नाही. कायद्याच्या रुक्ष ग्रंथात हे एक वाक्य एकाएकी भेटते आणि क्षणभर थबकावयास होते.

आता ग्रंथ मिटून इंद्रायणीच्या काठी येऊ. आळंदीच्या विठ्ठलपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. संन्यास घेतलेला पुरुष गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आला, म्हणून तो पतित ठरला. परंपरा सांगते, की त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले आणि पतिपत्नींनी ते घेतले. शास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर हिशेब पुरा झाला. तरीही मुलांना संन्याशाची पोरे म्हणून हिणविले गेलेच आणि शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. त्या चार मुलांनी कोणते पातक केले होते? पडले असतील तर आईबाप. मुले पडली नव्हती. ती पडलेल्या घरात जन्मली होती. पतित हा शब्द कृत्याला सोडून जन्माला चिकटू लागला, त्याचे महाराष्ट्राच्या मनात कायमचे राहून गेलेले चित्र हे.

याच मातीत त्या शब्दावर पहिला मोठा आघात झाला, आणि तो संतांनी केला. त्यांनी शब्द टाकला नाही, तो उलटा फिरविला. पतित हा तोपर्यंत दुसऱ्याबद्दल बोलावयाचा शब्द होता, तृतीय पुरुषी होता. संतांनी तो प्रथम पुरुषी केला. मी पतित आहे, असे नामदेव म्हणतात, तुकोबा म्हणतात. ज्या गावात सगळेच स्वतःला पतित म्हणवून घेऊ लागले त्या गावात मडके कोणाच्या नावाने लवंडणार? दुसरे असे, की त्यांनी देवालाच पतितपावन हे नाव दिले. हे बिरुद त्यांनीच शोधले असे नव्हे; पण विठ्ठलाच्या दारात त्यांनी ते हक्काच्या कागदासारखे पुढे केले. नामदेवांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगाचा भाव असा, की तुझे हे नाव ऐकून मी दारी आलो, ते तू खरे करीत नाहीस तर मी आपला परत जातो. हे नुसते आर्जव नाही. धनको ऋणकोपाशी बोलतो तसे हे बोलणे आहे. तोवर देव टाकतो की घेतो याचा निकाल पुरोहित देत होता. आता पतित थेट देवालाच जाब विचारतो.

परंतु येथे भाबडेपणा कामाचा नाही. अभंगात दार उघडले, पण पंढरपूरचे दगडी दार उघडले नाही. ज्यांना कोणतेही कृत्य न करता जन्मानेच बाहेर ठेवले होते त्या चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात जाता आले नाही. मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर असता ते कोसळून त्यांचा अंत झाला, आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ झाली. ते देऊळ सर्वांना खुले व्हावयास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. संतांनी शब्दातले विष काढले; व्यवहारातले काढण्याइतकी सत्ता त्यांच्या हाती नव्हती.

सत्ता हाती असली म्हणजे काय करता येते याचे उदाहरण सतराव्या शतकात सापडते. नेताजी पालकर मोगलांच्या हाती सापडले, मुसलमान झाले, दूर काबूलच्या बाजूला गेले आणि बऱ्याच वर्षांनी परतले. १६७६ साली प्रायश्चित्त देऊन त्यांना परत घेतल्याची नोंद जेधे शकावलीत आहे. बजाजी नाईक निंबाळकर असेच धर्मात परत आले. आणि शिवाजी महाराजांनी आपली कन्या सखुबाई त्यांच्या मुलाला, महादजींना दिली. नुसता तोंडी निर्णय पुष्कळ झाले असतील. पण परत आलेल्याच्या घरी स्वतःची मुलगी देणे ही गोष्ट निराळी. विधीतला तो दुसरा, नवा घट महाराजांनी अशा रीतीने पाण्यात सोडला. पुढच्या काळात असा धीटपणा फार क्वचित दिसतो.

एकोणिसाव्या शतकात येऊन पाहा. १८४३ च्या सुमारास मुंबईत श्रीपत शेषाद्री या अल्पवयी ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. त्याचा थोरला भाऊ ख्रिस्ती झालेला. श्रीपतही मिशनऱ्यांच्या घरी राहिला. कोर्टाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. मुलगा घरी आला, पण जातीत आला नाही. त्याला शुद्ध करून घ्यावे म्हणून दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर खटपटीला लागले, तेव्हा सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. पाचवे कलम, संसर्ग!

१८६९ मध्ये विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत पुनर्विवाह लागला आणि त्याचे पुरस्कर्ते बहिष्कारात सापडले. दुसऱ्या वर्षी पुण्यात शंकराचार्यांच्या समोर त्यावर वाद झाला. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिला तर त्या घरावरही बहिष्कार, असे ठरविले. वसिष्ठाने आईपुरते जे दार उघडे ठेवले होते तेही मुरुडास बंद झाले. पुण्यात तर आगरकरांची, ते चालते-बोलते असता, सनातन्यांनी प्रेतयात्रा काढली. गौतमाचे सूत्र त्या मंडळींपैकी किती जणांना ठाऊक होते कोण जाणे. पण जिवंत माणसाला मेलेला ठरविण्याची ती जुनी ऊर्मी मात्र जशीच्या तशी होती.

आणि मग चहा. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी पेला तसाच ठेवला, असे सांगतात. आनंदीबाई जोशांचे यजमान गोपाळराव जोशी हे या मौजेच्या मुळाशी होते. पुढे त्या मंडळींची नावे 'पुणेवैभव' पत्रात छापली गेली. चाळीसहून अधिक नावे; त्यांत रानडे, टिळक, गोखले. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले, शास्त्र्यांचे मंडळ बसले आणि १८९२ मध्ये प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. टिळकांनी काशीस आपले प्रायश्चित्त झाल्याचे सांगितले. रानड्यांनीही त्या वर्षी प्रायश्चित्त घेतले, आणि सुधारकांचे बोल ऐकले.

पेलाभर चहाची ही गोष्ट आज आपण हसून सांगतो. पण त्या दोन वर्षांत त्या घरांत काय झाले असेल याचा विचार करा. श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, स्वयंपाकी टिकेना, सणाला माहेरी यावयाची मुलगी सासरच्या धाकाने येईना. ग्रामण्य पुरुषांच्या सभेत ठरते, पण त्याचा चटका स्वयंपाकघरात बसतो. मित्रांच्या घरच्या अशाच अडचणी पाहून रानडे प्रायश्चित्ताला तयार झाले, हे रमाबाईंच्या आठवणींवरून कळते. ज्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि आपल्यासारख्यांना असे एकत्र बसून विचार ऐकण्याची सवय लावली, त्या न्यायमूर्तींनाही या शब्दाने वाकविले. परंतु वाकविताना शब्द स्वतः पोकळ झाला. ब्रह्महत्या करणारा पतित आणि चहा पिणारा पतित! ज्या शब्दात दोन्ही मावतात त्यात काहीच उरत नाही.

या पोकळपणावर सरळ बोट ज्योतिराव फुल्यांनी त्याआधीच ठेवले होते. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटाशिवाय लग्ने लावावयास आरंभ केला. बहिष्काराचे मोठे हत्यार कोणते? भटजी येणार नाही, हेच ना? मग भटजीवाचूनच कार्य पार पाडले तर हत्यार बोथट झाले. रानड्यांनी निर्णय सोसून समाजात राहण्याची वाट धरली. ज्योतिरावांनी निर्णय देणाऱ्याची गरजच संपविली. दोघांच्या मार्गांची तुलना करताना एक ध्यानात ठेवावे. रानड्यांना परत येण्यासाठी दार तरी होते. ज्योतिराव ज्यांच्यासाठी झगडत होते त्यांना परत येण्याचा प्रश्नच नव्हता. ते कधी आत नव्हतेच.

येथे आपण या शब्दाच्या सर्वांत कठीण वळणावर येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अस्पृश्यतानिवारणाची चळवळ सुरू झाली, तेव्हा पतितोद्धार, पतितपावन हे शब्द नव्या उत्साहाने वापरले गेले. हेतू चांगला होता. परंतु शास्त्राप्रमाणे पाहिले तरी अस्पृश्य म्हणवला जाणारा माणूस पतित नव्हता. पतित म्हणजे कृत्याने पडलेला, आणि त्याला प्रायश्चित्त होते. ज्याने कृत्यच केले नाही त्याने प्रायश्चित्त कशाचे घ्यावे? जो पडलाच नाही त्याला वर काढणारे तुम्ही कोण?

शब्दाची ही अडचण कार्यकर्त्यांना जाणवत असावी. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत जी संस्था काढली तिचे मराठी नाव निराश्रित साह्यकारी मंडळी असे होते. आश्रय नसलेला, पडलेला नव्हे. १९३१ च्या फेब्रुवारीत रत्नागिरीस भागोजी कीरांनी बांधलेले आणि सावरकरांच्या पुढाकाराने सर्व जातींना खुले झालेले मंदिर उभे राहिले. त्याचे नाव पतितपावन. सगळ्या जाती एका गाभाऱ्यासमोर उभ्या राहाव्यात हे त्या काळी लहान धाडस नव्हते. पण नाव संतांच्या परंपरेतले होते, आणि नावातला पतित कोण, हा प्रश्न त्या दारावर तसाच लटकत राहिला.

तो प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सात वर्षे आधीच सोडविला होता. १९२४ मध्ये त्यांनी संस्था काढली ती बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि १९२७ च्या एप्रिलमध्ये पत्र काढले ते 'बहिष्कृत भारत'. मघाशी मी व्याकरणाचा जो कीस काढला तो याचसाठी. पतित टाकून बहिष्कृत घेतला, की वाक्याचा कर्ता बदलला. पडण्याची जबाबदारी पडणाऱ्यावरून निघाली आणि बाहेर करणाऱ्यांना वाक्यात परत येऊन उभे राहावे लागले. दासाला हात लावून उभे असलेले ते सारे आप्त पुन्हा दिसू लागले. पुढे दलित हा शब्द रुजला, तोही त्याच जातीचा. दळला गेला तो दलित. दळणारा कोण, हे विचारणे आलेच.

आणि योगायोग पाहा, तो संग्राम पाण्यावरच झाला. गौतमाच्या विधीत माणसाला पाण्याला मुकवितात. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे ओंजळभर पाणी प्यायली. त्यानंतर तेथील सनातन्यांनी तळे शुद्ध केले; मातीच्या घागरींनी पाणी उपसून, शेणगोमूत्र तळ्यात घालून. पुन्हा घागरी! त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडास मनुस्मृती जाळण्यात आली. ज्या ग्रंथात दासीने पायाने लवंडलेला घट आहे तोच हा ग्रंथ. जाळणाऱ्यांचा राग कोणाला पटो वा न पटो, पाण्याला मुकविल्या गेलेल्यांनी मुकविणाऱ्या विधानाला दिलेले ते उत्तर होते, एवढे तरी इतिहास वाचणाऱ्याने ओळखावे.

कायद्याने काय केले? १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून वारसा बुडणार नाही असे ठरविले. धाकट्या भावाचा तो फायदा तेव्हा संपला. १९४९ मध्ये मुंबई राज्याने जातिबहिष्कृत करण्यास बंदी घातली. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्या कायद्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. धर्मपंथाला आपला कारभार पाहण्याचे जे स्वातंत्र्य आहे त्यात बहिष्काराचा अधिकारही येऊ शकतो, असे बहुमत पडले. म्हणजे प्रश्न एका धर्माचा वा एका जातीचा नाही. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, २०१६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध निराळा कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. असा कायदा विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात करावा लागला, यातच सारे आले. जातपंचायती बसत होत्या, आंतरजातीय लग्न केलेल्यांना वाळीत टाकीत होत्या, दंड घेत होत्या, पाणवठा आणि स्मशान बंद करीत होत्या.

पतित हा शब्द आज कीर्तनात उरला आहे. घटस्फोट कोर्टात गेला. व्रात्य हा शब्द तर, ज्याची मुंज वेळेवर झाली नाही त्या सावित्रीपतिताचा, आज आपण घरातल्या खोडकर मुलाला लाडाने लावतो. शब्द असे निरुपद्रवी होत जातात. पण शब्दाने नाव दिलेली वृत्ती शब्दाबरोबर मरत नाही. ती नवे शब्द शोधते. कोणाची नोकरी जाते, कोणाची मुलगी घर सोडून जाते, कोणी तुरुंगातून सुटून येतो. आपण म्हणतो, तो घसरला, ती वाया गेली, त्याने आपल्या हाताने करून घेतले. साऱ्या क्रियापदांचा कर्ता तोच, किंवा तीच. आपण वाक्यात कोठेच नाही.

पडणारे असतात, हे मी नाकारीत नाही. खून करणारा, लुबाडणारा, दुबळ्याला छळणारा माणूस खरोखरच पडलेला असतो आणि समाजाने त्याला तसे सांगितलेच पाहिजे. धिक्कार करण्याची शक्ती ज्या समाजात उरली नाही तो समाज निरोगी नव्हे. परंतु इतिहास दोन गोष्टी मागतो. कोणी पडला असे म्हणण्यापूर्वी तो पडला की पाडला गेला, हे विचारावे. आणि तो खरोखर पडला असेल, तर पहिल्या घटाबरोबर दुसऱ्या घटाचीही तयारी ठेवावी. ज्यांनी पहिला विधी लिहिला त्यांनीही दुसरा लिहून ठेवला होता. पाण्याला मुकविणे सोपे असते. त्याला एक पाय पुरतो. परत आलेल्या माणसाबरोबर पाण्यात उतरून, त्याच्या शेजारी उभे राहून स्नान करावयाचे तर स्वतःलाही भिजावे लागते.